आयातीवर भरलेला आयजीएसटी जीएसटीआर-२बी मध्ये दिसत नाही: कारणांचा शोध आणि दुरुस्ती

माल न्हावा शेवा बंदरात उतरला, ड्युटी भरली, आउट ऑफ चार्ज (ओओसी, म्हणजे माल सोडण्याची सीमाशुल्क विभागाची परवानगी) मिळाले, कंटेनर कारखान्याच्या दारात येऊन रिकामाही झाला. पण पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी (जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला आपोआप तयार होणारे, मिळू शकणाऱ्या क्रेडिटचे विवरण) उघडावे, तर ‘इम्पोर्ट ऑफ गुड्स’च्या तक्त्यात त्या बिल ऑफ एन्ट्रीचा (आयात मालासाठी सीमाशुल्क विभागाकडे भरायच्या घोषणापत्राचा) मागमूस नाही. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यातल्या लहान कारखानदारांची आयातीची खाती सांभाळताना हा प्रश्न माझ्यासमोर दर दोन-तीन महिन्यांनी येतो. प्रत्येक वेळी घाबरगुंडी तीच असते आणि कारण मात्र वेगळे निघते. म्हणून तपासाचा जो क्रम आता हाताला बसला आहे, तो कारणांसह येथे देत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्यावी. आयातीवरचा आयजीएसटी (एकात्मिक वस्तू व सेवा कर) सीमाशुल्क दर कायदा १९७५ च्या कलम ३(७) प्रमाणे आकारला जातो आणि त्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करण्याचा हक्क) घेण्याचा आधार म्हणजे, सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) नियम ३६(१)(ड) नुसार, बिल ऑफ एन्ट्री. देशांतर्गत खरेदीत पुरवठादाराने जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रामध्ये बीजक दाखवले नाही तर सीजीएसटी कायद्याचे कलम १६(२)(अअ) आडवे येते. आयातीत परदेशी पुरवठादार कोणतेही जीएसटीआर-१ भरत नसल्यामुळे ती अट येथे जशीच्या तशी लागू करता येत नाही. पडद्यावर नोंद नाही म्हणून हक्क बुडाला, असे समजण्याचे कारण नाही. मात्र पडद्यावरची नोंद दुरुस्त न करता तसेच पुढे जाणेही परवडणारे नाही, कारण नोटिसा आता संगणकच काढतो आणि त्याला पडद्यावरचे आकडे तेवढे कळतात.

ही नोंद आपल्यापर्यंत तीन टप्प्यांतून येते. बिल ऑफ एन्ट्री सीमाशुल्क विभागाच्या आयसीईएस या प्रणालीत तयार होते, आइसगेट या सीमाशुल्काच्या पोर्टलमार्फत ती जीएसटीएनकडे (जीएसटी पोर्टल चालवणाऱ्या संस्थेकडे) पाठवली जाते आणि तेथून ती ज्या जीएसटीआयएनवर (जीएसटी नोंदणी क्रमांकावर) नोंदलेली असेल त्याच्या २ए (सतत अद्ययावत होणारे विवरण) आणि २बी मध्ये उतरते. साखळी नेमकी कुठे तुटली हे कळल्याशिवाय तक्रार नोंदवली, तर आइसगेटचा मदतकक्ष जीएसटीएनकडे बोट दाखवतो, जीएसटीएन आइसगेटकडे, आणि यात दोन-तीन महिने सहज निघून जातात.

आधी हातातला कागद वाचावा

पोर्टलवर जाण्याआधी बिल ऑफ एन्ट्रीची अंतिम प्रत समोर घ्यावी. येथे ‘अंतिम’ या शब्दाला महत्त्व आहे. कस्टम ब्रोकर (आयातदाराच्या वतीने सीमाशुल्काचे कागद भरणारा दलाल) अनेकदा शुल्क-निर्धारण झाल्याबरोबर निघालेली पहिली प्रत पाठवून देतो आणि तीच फाइलला लागते. त्या प्रतीवर आउट ऑफ चार्जची तारीख नसते. एप्रिल २०२० पासून अंतिम ओओसी प्रत क्यूआर कोडसह पीडीएफ स्वरूपात ईमेलने येते. ती ब्रोकरकडे आणि आयातदाराकडे जाते, पण आइसगेटवर आयातदाराचा जो ईमेल नोंदलेला आहे तो पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असेल, तर ती प्रत कार्यालयात कधीच पोहोचत नाही. हा ईमेल पत्ता आजच तपासावा.

अंतिम प्रतीच्या पहिल्या पानावर वरच्या भागात आयईसी (आयात-निर्यात संकेतांक) आणि त्यापुढे शाखेचा क्रमांक छापलेला असतो, आणि त्याच भागात ‘जीएसटीआयएन/टाइप’ असा रकाना असतो. त्यात पंधरा खुणांचा पूर्ण जीएसटीआयएन आणि तिरक्या रेघेनंतर ‘जी’ हे अक्षर असायला हवे. जीएसटीआयएनचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४, गोव्याचे ३०, कर्नाटकचे २९. त्यानंतरचे दहा म्हणजे पॅन, आणि जीएसटी आल्यापासून पॅन हाच आयईसी आहे. त्यामुळे एकाच संस्थेचे तीन राज्यांत तीन जीएसटीआयएन असले तरी आयईसी एकच राहतो आणि मधले दहा आकडे-अक्षरे सगळीकडे सारखीच दिसतात. चूक शोधायची असेल तर नजर सुरुवातीच्या दोन आकड्यांवर नेली पाहिजे. पॅन जुळला म्हणजे सगळे जुळले असे वाटून माणूस पुढे सरकतो, आणि चूक तिथेच निसटते.

दुसरी गोष्ट रकमेची. आपण जी रक्कम २बी मध्ये शोधतो आहोत ती योग्य आहे का? एक उदाहरण घेऊ. आकारणीयोग्य मूल्य १०,००,००० रुपये आणि मूळ सीमाशुल्काचा दर ७.५ टक्के धरला, तर मूळ सीमाशुल्क ७५,००० रुपये होते. त्यावर १० टक्क्यांनी समाजकल्याण अधिभार ७,५०० रुपये. आयजीएसटी या सगळ्यांच्या बेरजेवर, म्हणजे १०,८२,५०० रुपयांवर लागतो; १८ टक्क्यांनी तो १,९४,८५० रुपये येतो. आयातदार आइसगेटवर एकूण २,७७,३५० रुपये भरतो आणि बँकेच्या उताऱ्यात हीच एक रक्कम दिसते. त्यातले क्रेडिट मिळणार ते फक्त १,९४,८५० रुपयांचे; उरलेले ८२,५०० रुपये मालाच्या किमतीत जातात. हिशेबनिसाने बँकेतली रक्कम पाहून नोंद केली असेल, किंवा परदेशी बीजक बँकेच्या दराने रुपयांत बदलून त्यावर १८ टक्के काढले असतील, तर २बी मध्ये नोंद असूनही ती ‘सापडत नाही’. बँकेचा दर आणि सीमाशुल्कासाठी अधिसूचित केलेला विनिमय दर हे दोन वेगळे दर आहेत. शिवाय भाडे आणि विमा यांचा आकडा कळत नसेल, तर मूल्यनिर्धारण नियमांप्रमाणे एफओबी (माल जहाजावर चढवेपर्यंतच्या) किमतीच्या २० टक्के भाडे आणि १.१२५ टक्के विमा धरला जातो. म्हणून आकडा नेहमी बिल ऑफ एन्ट्रीच्या तिसऱ्या भागातून, म्हणजे प्रत्येक वस्तूवरच्या शुल्कांच्या तपशिलातून उचलावा.

थोडे थांबावे, आणि मग ‘सर्च बीओई’

कागद बरोबर असेल तर बहुतेक वेळा प्रश्न फक्त उशिराचा असतो. आइसगेटकडून जीएसटी प्रणालीत नोंद यायला संदर्भ दिनांकानंतर साधारण कामाचे दोन दिवस लागतात. संदर्भ दिनांक म्हणजे आउट ऑफ चार्जची तारीख, शुल्क भरल्याची तारीख किंवा दुरुस्तीची तारीख, यांपैकी जी सर्वांत नंतरची असेल ती. आयातदार ज्या तारखेकडे पाहतो ती बिल ऑफ एन्ट्रीची तारीख असते, आणि गोंधळ येथूनच सुरू होतो. जहाज पोहोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एन्ट्री दाखल करण्याचे बंधन २०२१ पासून असल्यामुळे, आणि उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोज ५,००० व त्यानंतर रोज १०,००० रुपये आकार लागत असल्यामुळे, बहुतेक ब्रोकर ती बरीच आधी भरतात. २५ तारखेला बिल ऑफ एन्ट्री, पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला जहाज आणि ६ तारखेला ओओसी, असे घडले तर ती नोंद बिल ऑफ एन्ट्रीच्या महिन्याच्या २बी मध्ये शोधण्यात अर्थ नाही.

दोन दिवस उलटून आठवडा झाला तरी २ए मध्ये नोंद नसेल, तर जीएसटी पोर्टलवर लॉगिन करून ‘सर्व्हिसेस’, त्याखाली ‘युजर सर्व्हिसेस’ आणि तेथे ‘सर्च बीओई’ या पानावर जावे. तेथे चार गोष्टी विचारल्या जातात: बंदराचा कोड, बिल ऑफ एन्ट्रीचा क्रमांक, तिची तारीख आणि संदर्भ दिनांक. बंदराचा कोड सहा खुणांचा असतो. न्हावा शेवासाठी आय-एन-एन-एस-ए-१, मुंबईच्या सहार एअर कार्गोसाठी आय-एन-बी-ओ-एम-४. समुद्रमार्गाने आलेल्या मालासाठी विमानतळाचा कोड निवडला तर उत्तर ‘नोंद नाही’ असेच येणार. शोधूनही नोंद मिळाली नाही तर त्याच पानावरून आइसगेटकडे विचारणा पाठवता येते. साधारण अर्ध्या तासाने विचारणांच्या इतिहासात उत्तर दिसते. माझ्या अनुभवात केवळ उशीर किंवा प्रेषणातला खंड असेल, तर प्रकरण या पायरीवरच मिटते.

आइसगेटच्या सार्वजनिक चौकशीतही बिल ऑफ एन्ट्रीची सद्यस्थिती पाहता येते. तेथे ओओसी पूर्ण दिसत असेल आणि ‘सर्च बीओई’ मात्र रिकामे परत येत असेल, तर दोन्ही पडद्यांच्या तारखेसह प्रती काढून ठेवाव्यात आणि जीएसटीच्या तक्रार पोर्टलवर व आइसगेटच्या मदतकक्षाकडे एकाच दिवशी तक्रार नोंदवून दोन्हीकडचे तिकीट क्रमांक एकमेकांना कळवावेत. एकाकडे तक्रार करून दुसऱ्याची वाट पाहत बसू नये.

जीएसटीआयएनच चुकलेला असेल तर

सर्वांत त्रासदायक कारण हेच आहे, म्हणून यावर थोडे विस्ताराने लिहितो.

इचलकरंजीतल्या एका विणकाम कारखान्याने रॅपिअर मागांचे सुटे भाग युरोपातून मागवले होते. त्यांची सुरतेतही छोटी शाखा होती आणि तिचा वेगळा जीएसटीआयएन होता. बिल ऑफ एन्ट्री दाखल करण्याआधी ब्रोकर चेकलिस्ट पाठवतो. ती आयातदाराने पाहून मान्य करायची आणि मगच बिल भरायचे, अशी पद्धत आहे. ती चेकलिस्ट संध्याकाळी उशिरा व्हॉट्सॲपवर आली. चार पानांची पीडीएफ, फोनच्या पडद्यावर अक्षरे मुंगीएवढी. मी वस्तूंची नावे, वर्गीकरणाचे क्रमांक, दर आणि एकूण शुल्क पाहिले आणि मान्यता दिली. ब्रोकरच्या संगणकात या ग्राहकाचा जो जुना साचा साठवलेला होता त्यात सुरतेचा जीएसटीआयएन होता, आणि पहिल्या पानावर २७ च्या जागी २४ आहे हे माझ्या नजरेतून सुटले. माल इचलकरंजीत आला, सुमारे पावणेदोन लाखांचा आयजीएसटी सुरतेच्या २बी मध्ये जाऊन बसला. चूक ब्रोकरच्या साच्याची होती, आणि मान्यता माझी होती.

अशा वेळी पहिला मोह होतो तो सुरतेच्या नोंदणीवर क्रेडिट घेऊन तेथून इचलकरंजीला एक कर-बीजक फाडण्याचा. जीएसटी कायद्यात एकाच पॅनच्या दोन राज्यांतल्या नोंदण्या वेगळ्या व्यक्ती मानल्या जातात, त्यामुळे कागदावर हे शक्य वाटते. पण ऑर्डर इचलकरंजीची, पैसे इचलकरंजीच्या खात्यातून, ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) न्हावा शेवा ते इचलकरंजी. सुरतेच्या शाखेने हा माल घेतला किंवा विकला असे दाखवणारा एकही कागद नव्हता. खरेदी खरोखर त्या शाखेची असेल तर तो मार्ग योग्य आहे. नसेल तर घडलेल्या चुकीवर बीजकाचा पदर ओढल्याने पुढच्या तपासणीत दोन्ही राज्यांत उत्तरे द्यावी लागतात. क्रेडिट चुकीने घेऊन वापरलेले ठरले, तर कलम ५०(३) प्रमाणे १८ टक्के व्याज लागते. मी तो मार्ग घेऊ दिला नाही.

सरळ मार्ग सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १४९ चा आहे: बिल ऑफ एन्ट्रीत दुरुस्ती मागणे. ओओसी होण्यापूर्वी चूक लक्षात आली तर ब्रोकर दुरुस्ती प्रणालीतूनच पाठवतो आणि काम तुलनेने लवकर होते. ओओसी झाल्यानंतर मात्र कायद्याची एक अट आहे: माल सोडवण्याच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदोपत्री पुराव्याच्या आधारावरच दुरुस्ती मिळते. नंतर तयार केलेले पत्र, नंतर पुरवठादाराकडून मागवलेले सुधारित बीजक यांचा येथे उपयोग नाही. आमच्या प्रकरणात मूळ परदेशी बीजकावर इचलकरंजीचा पत्ता होता, बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या माल-पावतीवर) माल स्वीकारणारा म्हणून तोच पत्ता होता आणि खरेदी ऑर्डरच्या तळाशी २७ ने सुरू होणारा जीएसटीआयएन छापलेला होता. या तीन कागदांवर सगळी दुरुस्ती उभी राहिली. तेव्हापासून परदेशी पुरवठादाराला पाठवायच्या प्रत्येक ऑर्डरवर त्या कारखान्याचा जीएसटीआयएन आणि पूर्ण पत्ता छापण्याचा आग्रह मी धरतो, जरी पुरवठादाराला त्याचा काहीही उपयोग नसला तरी.

शुल्क-निर्धारण फेसलेस पद्धतीने दुसऱ्या शहरातल्या अधिकाऱ्याकडे झाले असले, तरी ओओसीनंतरच्या दुरुस्तीचा अर्ज माल जेथे उतरला त्या बंदराच्या कार्यालयाकडे करावा लागतो. अर्जासोबत अंतिम बिल ऑफ एन्ट्री, बीजक, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, शुल्क भरल्याचे चलन आणि दोन्ही जीएसटी नोंदणी प्रमाणपत्रे जोडावीत. चुकीच्या जीएसटीआयएनवर या बिलाचे क्रेडिट घेतलेले नाही, किंवा घेतलेले असल्यास ते उलटवले आहे, असे हमीपत्र आणि शक्य असल्यास सनदी लेखापालाचे प्रमाणपत्रही आधीच जोडावे. अधिकाऱ्याला पडणारा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो योग्य आहे. अर्ज मान्य झाल्यावर बिल प्रणालीत परत उघडले जाते, रकाना बदलला जातो आणि नव्याने ओओसी दिले जाते. हे शेवटचे पाऊल झाले की नाही याची खात्री ब्रोकरकडून लेखी घ्यावी. कागदावर दुरुस्तीचा आदेश निघाला आणि प्रणालीत नवे ओओसी दिलेच गेले नाही, तर नोंद जीएसटीएनकडे जात नाही.

दुरुस्तीनंतर संदर्भ दिनांक बदलतो. ‘सर्च बीओई’मध्ये आता जुनी ओओसी तारीख टाकून चालत नाही, दुरुस्तीची तारीख टाकावी लागते, हे न कळल्यामुळे आम्ही दुरुस्ती झाल्यावरही आठवडाभर रिकामा पडदा पाहत बसलो होतो. योग्य जीएसटीआयएनवर नोंद आली की जुन्या जीएसटीआयएनच्या बाजूला तिचा उलट परिणाम दिसतो, आणि तेथे क्रेडिट घेतले असेल तर ते उलटवलेच पाहिजे. ऑक्टोबर २०२५ च्या कर कालावधीपासून जीएसटी पोर्टलवरच्या इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिममध्येही (आलेली बीजके तपासून स्वीकारण्या-नाकारण्याच्या सोयीतही) आयातीच्या बिल ऑफ एन्ट्री दिसू लागल्या आहेत. तेथे काहीच कृती केली नाही तर नोंद स्वीकारलेली धरली जाते, म्हणून ज्या शाखेचा माल नाही तिच्या पडद्यावर परकी बिल ऑफ एन्ट्री आली आहे का, हे दर महिन्याला पाहावे. चूक कळण्याची ती आता सर्वांत लवकरची जागा आहे.

बॉन्डमधला माल

माल बॉन्डेड गोदामात (शुल्क न भरता आयात माल ठेवता येतो अशा गोदामात) ठेवला असेल तर दोन बिले असतात. गोदामात माल नेतानाच्या बिलावर शुल्क भरलेले नसते, त्यामुळे त्याचा क्रमांक टाकून आयजीएसटी शोधणे व्यर्थ आहे. माल जसजसा बाहेर काढला जातो तसतशी एक्स-बॉन्ड बिल ऑफ एन्ट्री भरली जाते आणि कर तिच्यावर असतो. एका खेपेच्या चार एक्स-बॉन्ड बिल ऑफ एन्ट्री निघाल्या तर २बी मध्ये चार नोंदी येणार. दरही एक्स-बॉन्ड बिल सादर केल्याच्या दिवसाचाच लागतो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले तेव्हा, त्याआधी गोदामात गेलेला आणि नंतर बाहेर आलेला माल नव्या दराने सुटला, आणि जुन्या दराने नोंद करून ठेवलेल्यांचे आकडे २बीशी जुळेनासे झाले.

कुरिअरने आलेला माल

तातडीचे सुटे भाग, नमुने, एखादे सर्किट बोर्ड असे सामान कुरिअरने येते आणि ते एक्स्प्रेस कार्गो क्लिअरन्स सिस्टिम या वेगळ्या प्रणालीतून सुटते. ऑगस्ट २०२० मध्ये आयातीची माहिती २ए मध्ये दाखवायला सुरुवात झाली, तेव्हाच जीएसटीएनने स्पष्ट केले होते की कुरिअर, टपाल आणि संगणकीकरण न झालेल्या बंदरांवरची बिले त्या माहितीत नाहीत. कुरिअरच्या बिलाची नोंद दिसली नाही तर ती दिसण्याची वाट पाहण्यापेक्षा कागद हातात आणण्यावर भर द्यावा.

येथे चूक बहुधा अशी होते. कुरिअर कंपनी आपल्या वतीने शुल्क भरते, पार्सल देताना ‘ड्युटी आणि सेवाशुल्क’ असे एक बिल हातात ठेवते, आणि हिशेबनीस त्याच बिलावर क्रेडिट घेतो. त्या बिलावर कंपनीच्या सेवाशुल्कावरचा जीएसटी वेगळा असतो आणि तेवढ्याचे क्रेडिट त्या बिलावर मिळते. आयातीवरच्या आयजीएसटीसाठी मात्र कुरिअर बिल ऑफ एन्ट्रीची प्रतच लागते, आणि तिच्यावर आपला जीएसटीआयएन असावा लागतो. पार्सल भारतात येण्याआधीच कुरिअर कंपनीच्या केवायसीमध्ये जीएसटीआयएन नोंदवून ठेवला नाही, तर पार्सल एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावाने, त्याच्या वैयक्तिक ओळखपत्रावर सुटते, आणि मग ते क्रेडिट मिळवणे जवळजवळ अशक्य होते. पाच-सात हजारांच्या रकमा म्हणून याकडे दुर्लक्ष होते, पण वर्षभराच्या तीस-चाळीस पार्सलांची बेरीज करून पाहिली की आकडा लहान राहत नाही.

नंतर भरलेला फरक

माल सुटल्यावर काही महिन्यांनी वर्गीकरणावर हरकत येते, किंवा संबंधित कंपनीकडून आयात असल्यामुळे मूल्याची स्वतंत्र चौकशी होते, आणि जास्तीचा आयजीएसटी व्याजासह भरावा लागतो. घाईने तो साध्या टीआर-६ (प्रणालीबाहेर भरायच्या) चलनावर भरला तर पैसे सरकारजमा होतात, पण मूळ बिल ऑफ एन्ट्रीत काहीच बदल होत नाही आणि त्यामुळे जीएसटीएनकडे काही जात नाही.

याचे उत्तर एका मोठ्या प्रकरणातून मिळाले आहे. ॲडव्हान्स ऑथरायझेशनखाली (निर्यातीच्या मालासाठी कच्चा माल शुल्कमुक्त आणण्याच्या परवान्याखाली) १३ ऑक्टोबर २०१७ ते ९ जानेवारी २०१९ या काळात आयात केलेल्यांना ‘प्री-इम्पोर्ट’ अट (आधी माल आयात करून त्यातूनच निर्यात करण्याची) लागू असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी दिला, आणि हजारो जुन्या बिलांवर आयजीएसटी भरण्याची वेळ आली. त्या वेळी ७ जून २०२३ च्या परिपत्रक क्रमांक १६/२०२३ ने पद्धत ठरवून दिली: आयातदाराने मूळ बंदराच्या कार्यालयाकडे जावे, बिल ऑफ एन्ट्रीचे फेरनिर्धारण करून घ्यावे, प्रणालीत निघालेल्या इलेक्ट्रॉनिक चलनावर कर आणि व्याज भरावे, आणि त्यानंतर प्रणालीत कल्पित ओओसी दिले जाईल, ज्यामुळे माहिती जीएसटीएनकडे जाईल. ते परिपत्रक त्या एका अटीपुरते आहे. पण फरकाची कोणतीही रक्कम भरण्याआधी ‘हे फेरनिर्धारणाने, प्रणालीतल्या चलनावर भरता येईल का’ असे लेखी विचारण्यासाठी त्याचा दाखला नक्की द्यावा. २०२५ च्या वित्त कायद्याने सीमाशुल्क कायद्यात कलम १८अ आले आहे आणि आयातदाराला माल सुटल्यानंतर स्वतःहून नोंद सुधारून शुल्क भरण्याची सोय त्यात आहे; चूक स्वतःच्या लक्षात आली असेल तर आधी तो दरवाजा ठोठवावा.

नोंद येईपर्यंत क्रेडिट घ्यावे का

हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. माझे मत असे: अंतिम बिल ऑफ एन्ट्रीवर आपलाच जीएसटीआयएन असेल, ओओसी झाले असेल, शुल्काचे चलन हाती असेल आणि माल प्रत्यक्ष मिळाला असेल, तर जीएसटीआर-३बी या कर भरण्याच्या विवरणपत्राच्या तक्ता ४(अ)(१) मध्ये क्रेडिट घेण्यास कायद्याची हरकत नाही. फक्त त्या आधी ‘सर्च बीओई’ची विचारणा आणि तक्रारीचे तिकीट यांच्या प्रती फाइलमध्ये असाव्यात. जीएसटीआयएन चुकलेला असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत क्रेडिट घेऊ नये. तो कागद अजून आपल्या नावाचा नाही.

३बी आणि २बी यांत मोठा फरक पडला तर नियम ८८ड प्रमाणे डीआरसी-०१सी ही सूचना येते. ऑगस्ट २०२३ पासून ती लागू आहे आणि उत्तरासाठी सात दिवस मिळतात. उत्तर दिले नाही तर पुढचे जीएसटीआर-१ भरता येत नाही आणि सगळी विक्री अडकते, म्हणून ईमेल रोज पाहणारा एक माणूस नेमलेला असावा. उत्तरात कारण म्हणून एका ओळीत ‘आयात’ असे लिहून सोडू नये. बंदराचा कोड, बिलाचा क्रमांक, तारीख, ओओसीची तारीख, आयजीएसटीची रक्कम आणि तक्रारीचा तिकीट क्रमांक असा प्रत्येक बिलाचा तपशील द्यावा.

मुदतीबद्दलही सावध राहावे. कलम १६(४) प्रमाणे क्रेडिट आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, जे आधी असेल तोवर घ्यावे लागते. त्या कलमात बीजक आणि डेबिट नोट हेच शब्द आहेत, बिल ऑफ एन्ट्री नाही, असा युक्तिवाद केला जातो आणि शब्दांकडे पाहिले तर तो चुकीचाही नाही. पण जीएसटीआर-९ या वार्षिक विवरणपत्राच्या तक्ता ८ मध्ये न घेतलेले आयातीचे क्रेडिट लॅप्स होणाऱ्या, म्हणजे बुडणाऱ्या, रकमेत जाऊन बसते, आणि मग तो युक्तिवाद अपिलात जाऊन करावा लागतो. दोन लाखांसाठी लहान कारखानदाराने तेवढे झगडावे असे मला वाटत नाही. म्हणून सप्टेंबर उजाडला की मागच्या वर्षाची आयातीची वही काढून प्रत्येक बिल ऑफ एन्ट्री २बीशी ताडून पाहतो. कलम १४९ ची दुरुस्ती तेव्हा सुरू केली तर नोव्हेंबरपर्यंत हाती येण्याची आशा असते, नोव्हेंबरात सुरू केली तर नसते.

चेकलिस्ट आता मी फोनवर मान्य करत नाही. ती छापून घेतो, आणि उत्तरात नुसते ‘ओके’ न लिहिता चार गोष्टी स्वतः टंकून पाठवतो: पूर्ण जीएसटीआयएन, आयईसीपुढचा शाखा क्रमांक, बंदराचा कोड आणि आयजीएसटीची एकूण रक्कम. ब्रोकरने त्या चार गोष्टी आपल्या पडद्याशी जुळवून ‘जुळले’ असे उत्तर दिल्यावरच बिल भरायचे, असे आमचे ठरले आहे.